खजिनदारपदाला उभी राहतेय, का ते सांगते

तर फॉर्म भरलाय. आमच्या आंतरमहाविद्यालयीन टेबल टेनिस असोसिएशनच्या खजिनदारपदासाठी. सूचक मिळाली, अनुमोदक मिळाला, अर्ज सेक्रेटरीकडे पोचला आणि तेव्हापासून जो भेटतोय तो एकच विचारतोय, अगं पण खजिनदार का? अध्यक्षपदाला उभी राहा, स्पर्धाप्रमुख हो, निदान सोशल मीडिया तरी घे, पण हिशोब कोण करत बसतं.

खरंय, कोणी करत बसत नाही. अध्यक्षपदाला दरवेळी चढाओढ असते, भाषणं होतात, पोस्टर बनतात, आणि खजिनदार मात्र बिनविरोध. बिनविरोध म्हणजे काय तर सभेला जो उशिरा आला किंवा आलाच नाही त्याच्या गळ्यात माळ. मग तो बिचारा वर्षभर पावत्या गोळा करतो, शेवटच्या महिन्यात रात्र जागून एक शीट बनवतो, वार्षिक सभेत ती दोन मिनिटं स्क्रीनवर दिसते, कोणीतरी म्हणतं मंजूर, आणि सगळे जेवायला जातात. त्या शीटमध्ये काय होतं हे दुसऱ्या दिवशी कोणाला विचारा, सांगता येणार नाही. मी पण या सभांना बसलेली आहे आणि मी पण मंजूर म्हणून हात वर केलेला आहे, सगळेच करतात.

यावेळी समोर अजून एक उमेदवार आहे ही मला तर चांगलीच गोष्ट वाटते. तो कॉमर्सचा आहे, हुशार आहे, डेबिट क्रेडिट त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं यात वाद नाही. त्यामुळे मी अकाउंट्समध्ये भारी आहे म्हणून मला मत द्या असं म्हणण्यात काही अर्थच नाहीये. माझं म्हणणं वेगळं आहे, आपल्या असोसिएशनचा पैसा वहीत खर्च होतच नाही, तो ड्रॉमध्ये, कोणाची मॅच कोणाशी लावायची त्या आखणीत, खर्च होतो. म्हणजे स्पर्धेचा फॉर्मॅट ठरला की बजेट ठरलं, आणि फॉर्मॅट ठरवायच्या मीटिंगला खजिनदाराला कोणी बोलावतच नाही.

जरा गणित करून दाखवते, कंटाळू नका.

समजा सिंगल्सला ३२ खेळाडू आलेत. सरळ नॉकआउट खेळवलं तर ३१ मॅच होतात, कारण एक सोडून सगळ्यांना एकदा हरायचंय. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं म्हटलं तर ३२ गुणिले ३१ भागिले २, म्हणजे ४९६ मॅच. आणि ज्याला आपण ग्रुप म्हणतो, चार चारचे आठ ग्रुप, त्यात प्रत्येक ग्रुपच्या ६ मॅच, एकूण ४८, मग पहिले दोघं दोघं वर गेले की १६ जणांचं नॉकआउट त्याच्या १५, सगळ्या मिळून ६३. आता हॉलमध्ये ८ टेबलं आहेत आणि बेस्ट ऑफ फाइव्हची, म्हणजे पाचातले तीन गेम जिंकायची, एक मॅच वॉर्मअप धरून अर्ध्या तासाची धरली, तर नुसतं नॉकआउट तीन तासांत संपतं, ग्रुपवालं पाच तासांत, आणि सगळ्यांशी सगळे खेळवायला ३१ तास लागतात. नॉकआउटमध्ये निम्मे लोक पहिल्या मॅचनंतर बॅग भरतात. दोन तास जास्त दिले की प्रत्येकाला कमीत कमी तीन मॅच मिळतात. रात्रभर प्रवास करून आलेल्या पोरीला वीस मिनिटांत घरी पाठवायचं की नाही हा प्रश्न या दोन तासांचा आहे, आणि या दोन तासांचं भाडं किती, ते आपल्याकडे आहे का, हे सांगणारं माणूस त्या मीटिंगला हवं की नको?

आता यातली गंमत बघा. शेवटच्या दिवशी नेहमी कोणीतरी उशिरा एंट्री घेऊन येतं, आणि आपण मोठ्या मनाने म्हणतो घ्या हो, एकच तर आहे. चारचा ग्रुप पाचचा झाला की मॅच ६ च्या १० होतात. एका एंट्री फीसाठी चार मॅच वाढल्या, म्हणजे टेबलाचे दोन तास, आणि तेवढ्यात बाकीचे सात ग्रुप मोकळे होऊन खुर्च्यांवर मोबाइल बघत बसलेत, अंपायर पण बसलेत, घड्याळ चालू आहे आणि हॉल बंद करायच्या वेळेला वॉचमन दारात येऊन उभा. हॉलच्या पुढच्या स्लॉटचं भाडं पूर्ण भरावं लागतं ते लागतंच, अर्धा तास वापरा नाहीतर तीन. मी म्हणत नाहीये की उशिरा आलेल्याला घेऊ नका, कधीकधी घ्यावंच लागतं, एखाद्या कॉलेजचं परवानगीपत्रच उशिरा निघतं त्यात त्या मुलाचा काय दोष. पण एकच तर आहे हे वाक्य बोलण्याआधी त्याची किंमत माहिती असावी एवढंच.

उलटा हिशोब पण आहे. त्याच ड्रॉमध्ये ग्रुप संपल्यावर मेन ड्रॉला, म्हणजे वर गेलेल्या १६ जणांच्या नॉकआउटला, आधी आठ टेबलं लागतात, मग चार, मग दोन, मग एक. सेमीफायनलला सहा टेबलं नुसती उभी असतात आणि भाडं मात्र आठांचं चालू. त्या रिकाम्या टेबलांवर ग्रुपमध्ये तिसरे चौथे आलेल्यांचा प्लेट ड्रॉ, म्हणजे त्यांचं वेगळं नॉकआउट, खेळवला तर एकूण तासभर वेळ वाढतो फक्त, आणि १५ मॅच जास्त होतात. अंपायर आहेतच, टेबलं लागलेलीच आहेत, बॉल आहेत. हे जवळजवळ फुकट आहे आणि आपण ते करत नाही, का तर स्पर्धाप्रमुखाला वाटतं खर्च वाढेल आणि खजिनदाराला कोणी विचारलेलं नसतं. मला खजिनदार व्हायचंय ते मुख्यतः यासाठी. पैसे वाचवायला नाही, आहेत त्या पैशात जास्त मॅच काढायला.

हॉलवरून आठवलं. टेबल असतं २.७४ मीटर लांब आणि १.५२५ मीटर रुंद, म्हणजे सव्वाचार चौरस मीटरला पण जरा कमीच. पण आंतरराष्ट्रीय नियमांत एका टेबलासाठी खेळायची जागा कमीत कमी १४ बाय ७ मीटर धरलेली आहे, ९८ चौरस मीटर, आणि वर ५ मीटर उंची. म्हणजे आपण टेबल भाड्याने घेत नाही, टेबलाच्या भोवतीची मोकळी जमीन भाड्याने घेतो, तेवीसपट. आपल्या लेव्हलला एवढी जागा कोणी देत नाही आणि आपण बसवतो दाटीवाटीने, पण किती दाटीवाटी चालेल हा शेवटी पैशाचाच निर्णय असतो. एक टेबल जास्त घुसवलं की वेळ वाचतो, आणि मागच्या टेबलावरचा मोठा हात फिरवून लूप मारणारा पुढच्या टेबलावरच्याच्या पाठीत बॅट घालतो. मी चॉपर आहे, म्हणजे बॉल कापत कापत परतवणारी बचावात्मक खेळाडू, टेबलापासून तीन चार मीटर मागे उभी राहून खेळते, त्यामुळे या विषयावर माझं मत निष्पक्ष नाहीये हे आधीच सांगून टाकते.

आणि हो, चॉपर असल्यामुळे माझ्या मॅच लांबतात म्हणून खजिनदारपदाला मी लायक नाही असा एक जोक ग्रुपवर फिरतोय, वाचला मी. त्यावर एवढंच, या खेळाला वेळेची कटकट आजची नाही. १९३६ साली प्रागच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला पोलंडचा एर्लिख आणि रुमानियाचा पानेथ यांचा पहिला एक पॉइंट दोन तासांवर चालला होता, एक पॉइंट! त्यानंतर नेट खाली आली, वेळेच्या मर्यादा आल्या. आज एक्स्पेडाइट नियम आहे, गेम दहा मिनिटांत संपला नाही आणि दोघांचे मिळून १८ पॉइंट झालेले नसतील तर तो लागू होतो, मग सर्व्हिस एकेक पॉइंटला बदलते आणि रिसीव्हरने १३ रिटर्न नीट परत केले की पॉइंट त्याचा. २००१ मध्ये गेम २१ वरून ११ वर आला. यातल्या प्रत्येक बदलामागे वेगवेगळी कारणं होती पण आयोजकाच्या नजरेने बघाल तर वेळापत्रक जरा तरी हातात येण्यासाठी या गोष्टी कामाला येतात. आपल्याकडे एक्स्पेडाइट लावायला बरेच अंपायर कचरतात, स्ट्रोक मोजायला अजून एक माणूस लागतो ना. असो, हा खजिनदाराचा विषय नाही.

बॉल मात्र आहे. २००० साली बॉल ३८ मिलिमीटरचा ४० चा झाला, २०१४ मध्ये सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिक आलं, आणि दोन्ही वेळेला जगभरात कित्येक क्लबांच्या कपाटातला जुना साठा मॅचसाठी बाद झाला असणार. स्वस्त मिळतात म्हणून तीन वर्षांचे बॉल एकदम घेऊन ठेवण्याची सूचना मागच्या सभेत आली होती. मी विरोधात होते आणि आजही आहे. एका सीझनचे घ्या, वर थोडे फुटतील ते धरा, बस. पैसे बँकेत असले तर उद्या कशालाही वापरता येतात, कपाटातले बॉल फक्त बॉलच राहतात.

आता ज्या गोष्टीवर मला खरंच राग येतो ती. पदरमोड.

स्पर्धेच्या दिवशी पाणी संपलं, एक्स्टेंशन बोर्ड जळाला, स्कोअरशीटच्या झेरॉक्स कमी पडल्या, कुठल्यातरी अंपायर सरांना स्टेशनवरून आणायचंय, तर कोण पैसे देतं? जो तिथे उभा आहे तो विद्यार्थी. तू दे आत्ता, नंतर देऊ. हे नंतर कधी येतं ते ज्यांनी दिलेत त्यांना विचारा. पावती हरवली, मग कोणाला पाठवायची ते कळेना, मग खजिनदाराच्या परीक्षा, मग दुसऱ्या सहीवाल्याच्या परीक्षा, तोवर सीझन संपला, आणि मग मागायलाच लाज वाटते की एवढ्याशा पैशांसाठी किती वेळा मेसेज करायचा. भिजत घोंगडं. आणि यात होतं काय, ज्याला महिना दोन महिने पैसे अडकून पडलेले चालतात तोच स्वयंसेवक म्हणून टिकतो. बाकीचे दुसऱ्या स्पर्धेला हळूच सांगतात की मला नाही जमणार यायला, अभ्यास आहे. अभ्यास नसतो. कमिटीत मग त्याच त्याच घरातली मुलं दिसतात आणि आपण म्हणतो बाकीच्यांना इंटरेस्टच नाही.

यावर उपाय काही फार हुशारीचा नाहीये. स्पर्धेआधी स्पर्धाप्रमुखाला ठरलेली उचल द्यायची, स्पर्धा संपल्यावर आठवड्यात उरलेले पैसे आणि पावत्या परत, आणि जोवर जुन्या उचलीचा हिशोब येत नाही तोवर नवी उचल नाही, मग तो अध्यक्ष का असेना. आणि उचलीच्या पलीकडे कोणी खिशातून घातलेच तर महिन्यातून दोन ठरलेल्या तारखांना पैसे परत होणार, पावतीचा फोटो पाठवला की झालं, वेगळा फॉर्म नाही. पावती नसेल तर? छोट्या रकमेला दोन जणांनी लिहून दिलं की चालेल, मोठ्या रकमेला नाही चालणार, तिथे मी वाईट होईन आणि तुम्ही मला शिव्या द्याल, चालेल. पण तारीख चुकणार नाही. परीक्षा असली तरी नाही, कारण परीक्षा कधी आहेत हे वर्षाच्या सुरुवातीलाच माहिती असतं की.

बँकेत पैसे दिसतात म्हणजे ते आपले आहेत असं नाही, हे पण एकदा बोलायला हवं. सीझनच्या सुरुवातीला सगळ्या कॉलेजांची सदस्यत्वाची फी जमा होते आणि खातं एकदम गुबगुबीत दिसायला लागतं. नेमकं तेव्हाच कमिटीला कल्पना सुचतात, जर्सी काढू, लाइव्ह स्ट्रीम करू, चांगल्या ट्रॉफ्या करू. आणि मोठा खर्च कधी असतो, अंतिम स्पर्धेला, सीझनच्या टोकाला. हॉलवाल्याला अनामत मात्र कितीतरी महिने आधी द्यावी लागते. एंट्री फी येते सगळ्यात शेवटी, कारण कॉलेजला आधी बिल लागतं, मग ते बिल स्पोर्ट्स विभागातून ऑफिसला जातं, ऑफिसातून अजून कुठेतरी सहीला, आणि कधीकधी स्पर्धा होऊन निकाल लागून फोटो अपलोड झाल्यावर पैसे येतात. त्यामुळे कागदावर नफा आणि खात्यात ठणठणाट हे एकाच वेळी असू शकतं, त्यात कोणी काही खाल्लेलं नसतं. स्पॉन्सरने मुलींच्या स्पर्धेसाठी म्हणून दिलेले पैसे पण त्याच खात्यात दिसतात, आणि ते जर्सीला वापरले तर तो हिशोबाचा घोळ नाही, तो शब्द मोडणं आहे.

म्हणून मी दर महिन्याला तीन आकडे सगळ्या कॅप्टनना पाठवणार. बँकेत किती आहेत, त्यातले आधीच कशाला बांधलेले आहेत, आणि खरे मोकळे किती. तीनच. चाळीस ओळींचा ताळेबंद वर्षाच्या शेवटी येईलच पण तो वाचणार कोण, हे तीन आकडे बसमध्ये उभ्या उभ्या वाचता येतात. आणि गंगाजळी ठेवायची, अंतिम स्पर्धेचा हॉलचा आणि अंपायरांचा खर्च निघेल एवढी तरी, म्हणजे एखाद वर्षी सगळ्या फी उशिरा आल्या तरी स्पर्धा रद्द होणार नाही. त्याहून जास्त साठवायला मी तयार नाही, कारण आजच्या खेळाडूची फी चार वर्षांनंतरच्या खेळाडूसाठी किती साठवायची यालाही मर्यादा आहे ना, तो बिचारा तर पास होऊन निघून जाणार.

निघून जाणार, हाच आपला खरा प्रॉब्लेम आहे. कॉलेज लेव्हलच्या संघटनेत चोरीची भीती सगळ्यांना वाटते, पण नुकसान जास्त विसरण्यामुळे होतं. दर दोन तीन वर्षांनी सगळी माणसं बदलतात. कोणत्या हॉलवाल्याने अनामत परत दिली नाही, कोणत्या कॉलेजची गेल्या वर्षीची फी बाकी आहे, टेबलांची विमा पॉलिसी कुठल्या मेलवर आहे, त्या मेलचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे सगळं कोणाच्या तरी डोक्यात असतं आणि ते डोकं नोकरीला लागून दुसऱ्या टाइमझोनमध्ये गेलेलं असतं. नवीन कमिटी आली की येरे माझ्या मागल्या. त्यात बँकेत सहीचे अधिकार बदलायचे म्हणजे सभेचा ठराव लागतो, नव्या लोकांचे कागद लागतात, बऱ्याचदा जुन्या सहीवाल्याची सही लागते, आणि जुना सहीवाला फोन उचलत नाही. या काळात खातं गोठल्यासारखंच, पैसे आहेत पण काढता येत नाहीत, मग परत पदरमोड. चक्र पूर्ण.

यासाठी मला एक उपखजिनदार हवाय, पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षातला, जो माझ्यानंतरही असेल. सगळे व्यवहार त्याला दिसले पाहिजेत, पैसे काढायचा अधिकार नको. निवडणूक सीझन संपायच्या आधी घ्यायची म्हणजे जुना आणि नवा खजिनदार अंतिम स्पर्धा एकत्र करतील, आत्ता आपण निवडणूक घेतो सगळं संपल्यावर आणि नवीन माणसाला मिळते एक फाइल आणि ऑल द बेस्ट. घटनेत बदल लागेल का यासाठी? तारखेपुरता लागेल, आणि तो ठराव मी निवडून आले नाही तरी मांडणार आहे.

चोरीचं पण बोलते, टाळायला नको. विश्वास आहे ना एकमेकांवर, मग दोन सह्या कशाला, हे मी ऐकलंय. जिथे बिल आणणारा, मंजूर करणारा, पैसे देणारा आणि वहीत लिहिणारा एकच माणूस असतो तिथे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय अशी गत व्हायला वेळ लागत नाही, आणि तो माणूस प्रामाणिक असला तरी त्याच्यावर संशय आला तर स्वतःला वाचवायला त्याच्याकडे काहीच नसतं. दुसरी सही खजिनदारावर अविश्वास म्हणून नाही, खजिनदाराच्या संरक्षणासाठी आहे. माझं स्वतःचं बिल मी पास करणार नाही. महिन्याच्या शेवटी बँकेचं स्टेटमेंट आणि आपली वही जुळवायचं काम माझ्याशिवाय कोणीतरी करेल, उपखजिनदार किंवा एखादा कॅप्टन, आळीपाळीने. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायची दुहेरी नोंदीची पद्धत १४९४ मध्ये पाचोली नावाच्या इटालियन साधूने छापून मांडली तेव्हापासून जगभर चालतेय आणि मस्त आहे, पण जे बिल वहीत आलंच नाही ते कुठल्याही पद्धतीने सापडत नाही, त्याला दुसरे डोळेच लागतात.

फीचं काय, हा प्रश्न येणारच. फी कमी करीन असं मी म्हणत नाहीये. कोणी म्हणत असेल तर त्याला विचारा कशातून. मला जे बदलायचंय ते म्हणजे फी कशावर लावायची. आत्ता कॉलेजला एक फी आहे, मग त्याच्या तीन टीम असोत नाहीतर एक. ज्या कॉलेजात जेमतेम चार पोरं खेळतात आणि एक जुनं टेबल आहे ते मोठ्या कॉलेजच्या सी टीमचे पैसे भरतंय. हॉलचे तास टीम खातात, कॉलेज नाही, मग फी टीमवर हवी. मोठी कॉलेजं नाराज होतील हे मला माहितीये आणि त्यांची मतं माझ्या बाजूने नाहीत हेही. मुलींची पहिल्यांदाच टीम उतरवणाऱ्या कॉलेजला त्या टीमची पहिल्या वर्षी फी माफ करावी असं माझं मत आहे, पण ते माफ म्हणून स्पष्ट लिहून, कोणाच्या पैशातून ते दाखवून. आत्ता सुद्धा सिंगल्सच्या एंट्रीतून टीम इव्हेंटचा खर्च भागतो, फक्त ते कुठे लिहिलेलं नाही. मदत करायची तर उघड करा.

ट्रॉफ्यांबद्दल माझं मत कोणाला आवडत नाही. चौथ्या नंबरला ट्रॉफी, शिस्तबद्ध संघाला ट्रॉफी, पाहुण्यांना स्मृतिचिन्ह, यांच्यात जेवढे जातात तेवढ्यात अजून दोन अंपायर येतात. सेमीफायनलला खेळाडूच अंपायरिंग करतायत आणि स्टेजवर चकचकीत कप मांडलेत हे चित्र मला बघवत नाही. मेडल द्या, प्रमाणपत्र द्या, पाहुण्यांना एक गुलाब द्या की. 🙏

एक शेवटची हिशोबी गोष्ट, वस्तूंची स्पॉन्सरशिप. टेबलं बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या कंपन्या मोठ्या स्पर्धेला नवीन टेबलं वापरायला देतात आणि नंतर तीच वापरलेली म्हणून कमी किमतीत विकतात, जगभर चालतं, दोघांचाही फायदा. आपल्याला पण एका वर्षी असं मिळालं आणि त्या वर्षीचा जमाखर्च भारी दिसला, टेबलभाडं शून्य. पुढच्या वर्षी तेच बजेट कॉपी झालं, स्पॉन्सर आला नाही, आणि टेबलभाड्याचा खड्डा पडला. फुकट मिळालेली वस्तू पण बाजारभावाने जमेत आणि खर्चात दोन्हीकडे लिहायची, म्हणजे ती गेली की किती पैशांची सोय करावी लागेल ते आधीच दिसतं. हे माझ्या समोरच्या उमेदवाराला माझ्याआधी कळलेलं असणार, त्याने हे केलं तर मी त्याच्या नावाने टाळ्या वाजवीन.

प्रचार कसा करायचा ते मात्र कळत नाहीये अजून. मत प्रत्येक कॉलेजला एक, आणि ते कॅप्टन देतो, आणि बरेच कॅप्टन सभेच्या दारात शेजारच्याला विचारून ठरवतात. पोस्टरवर काय लिहू, वेळेवर परतफेड? मैत्रीण म्हणाली लिहीच, सगळ्यात जास्त मतं त्यालाच पडतील. तर कॅप्टन लोकहो, सभेला यायच्या आधी गेल्या दोन वर्षांचे जमाखर्च सेक्रेटरीकडून मागून घ्या, तुमचा हक्क आहे, आणि त्यात दोनच ओळी बघा, हॉलभाडं आणि येणे बाकी. मग आम्हा दोघांना त्यावरून काहीही विचारा.

फॉर्मॅट आणि तासांची जी शीट मी बनवलीये, खेळाडू आणि टेबलं टाकली की मॅच, तास आणि अंदाजे खर्च काढून देणारी, ती सगळ्या कॅप्टनना पाठवतेय. समोरच्या उमेदवाराला आधीच पाठवली होती. टेबलं मांडायला आणि आवरायला लागणारा वेळ दोन्ही बाजूंना एकेक तास धरावा असं त्याने सुचवलंय, मी सकाळी एक आणि संध्याकाळी अर्धा धरलाय, यावर आमचं अजून जमलेलं नाही.